हजेरीपटावर नाव कुणाचं?

जालन्यात मंदी आली हे ओळखायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावरची भंगाराच्या ट्रकांची रांग आखूड होते. सळईचा भाव रोज सकाळी थोडा खाली सांगितला जातो. चहाच्या टपरीवर पाळी सुटल्यावरची गर्दी पातळ होते. इथल्या इंडक्शन भट्ट्या वर्षानुवर्षं मुख्यतः रात्री पेटत आल्या, कारण रात्री दहानंतरची वीज कारखान्याला स्वस्त पडायची. एक टन लोखंड वितळवायचं तर सहाशे युनिटच्या आसपास वीज जाते, त्यामुळे विजेच्या दरात रुपया-दोन रुपयांचा फरक पडला की नफ्याचा तोटा होतो. छत्तीसगडचा कारखानदार तीच सळई स्वस्त विजेवर काढतो आणि आमच्या बाजारात आणून विकतो, ही जालन्याच्या उद्योजकांची जुनी तक्रार आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली ती याच ओरडीतून.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण निजामाच्या काळातल्या व्यापारी जालन्याची. पुढे त्या पाळण्यात बियाणं आलं, मग पोलाद आलं. १ मे १९८१ ला जिल्हा झाला तेव्हा जालना म्हणजे मोंढा आणि बियाणं होतं. आज बाहेरच्या माणसाला जालना विचारलं तर तो सळईच्या दोन-तीन ब्रँडची नावं सांगतो. शहर ऑगस्ट २०२२ मधली गोष्टही अजून चवीनं सांगतं. आयकर खात्याची माणसं लग्नाच्या वऱ्हाडासारख्या सजवलेल्या गाड्यांतून आली आणि स्टील उद्योगाशी संबंधित ठिकाणांहून छपन्न कोटींच्या आसपास रोकड मोजून घेऊन गेली. मशीनवरसुद्धा मोजायला तासन्‌तास लागले म्हणतात. ज्या गावात एवढ्या नोटा मोजल्या गेल्या, त्याच गावात भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या कितीतरी माणसांकडे आपण अमुक कारखान्यात कामाला आहोत असं सांगणारा एक कागद नसतो. हा लेख त्या कागदाबद्दल आहे.

स्टीलच्या धंद्यात मंदी दोन प्रकारची. एक दरवर्षीची. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, सळईची मागणी उतरते आणि कारखाना दोन पाळ्यांवरून एका पाळीवर येतो. दुसरी मोठी, चार-सहा वर्षांनी येणारी. परदेशातून, विशेषतः चीनमधून स्वस्त पोलाद येतं, किंवा नोटबंदीसारखा एखादा निर्णय बांधकामाचा श्वास रोखतो, किंवा विजेचे दर वाढतात. या मोठ्या मंदीत आधी गेल्या त्या सुट्या रोलिंग मिल. त्या बिलेट, म्हणजे पोलादाचे ओतीव ठोकळे, बाहेरून विकत घ्यायच्या, पुन्हा तापवायच्या आणि मग सळई काढायच्या. भट्टी आणि मिल एकाच आवारात असलेला कारखाना गरम बिलेट तसाच रोलवर सोडतो आणि पुन्हा तापवण्याचा खर्च वाचवतो. त्याच्यापुढे सुटी मिल टिकणं अवघड होतं. लहान मिलचं शटर पडतं तेव्हा बातमी होत नाही. फाटकावर नोटीस लागते किंवा तीही लागत नाही.

कारखाना चालू असतानाची कपात मात्र फारशी कुणाला दिसत नाही. कायमचे कामगार, म्हणजे ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन, हे हजेरीपटावर असतात. भट्टीत भंगार टाकणारे, वितळलेलं लोखंड धरणाऱ्या लाडलजवळचे, तापलेल्या सळया चिमट्यानं ओढणारे, गाड्या भरणारे हे बहुतांशी ठेकेदाराचे. यातले कितीतरी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथून आलेले. काम कमी झालं की मालक ठेकेदाराला सांगतो, वीस माणसं कमी कर. ठेकेदार वीस जणांना सांगतो, उद्यापासून येऊ नका. ना नोटीस, ना भरपाई, ना हिशेब. त्या दिवसांचे खाडे पडत नाहीत, कारण खाडा पडायला आधी हजेरी लागावी लागते.

वास्तविक, काम नसण्याच्या दिवसांचा विचार आपल्या कायद्यानं फार पूर्वी करून ठेवला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ‘ले-ऑफ’चं प्रकरण आलं. कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार माल साठून राहिला, यंत्र बिघडलं किंवा नैसर्गिक आपत्ती आली म्हणून मालक काम देऊ शकत नसेल, तर त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम कामगाराला मिळाली पाहिजे. वीज, कच्चा माल आणि साठलेली सळई! कायदा करणाऱ्यांनी जणू जालन्याचा ताळेबंद समोर ठेवूनच यादी केली असावी असं वाटतं.

पण पुढच्या अटी वाचत गेलं की एकेक माणूस गळत जातो. कारखान्यात किमान पन्नास कामगार हवेत. कामगाराची वर्षभर सलग नोकरी, म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेले हवेत. त्याचं नाव हजेरीपटावर हवं, बदली किंवा किरकोळ कामगार चालत नाही. ले-ऑफच्या काळात त्यानं ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा कारखान्यात हजर व्हायला हवं. आणि वर्षात पंचेचाळीस दिवसांपुढे काय, तर दोन्ही बाजूंचा करार असेल तर पुढे भरपाई बंद. कामगाराला काढून टाकायचं झालं तर एक महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आणि शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम. हे सगळं जालन्यातल्या हजेरीपटावरच्या फिटरला लागू आहे. भट्टीपुढच्या माणसाला बहुधा यातलं काहीच लागू होत नाही, कारण तो कुणाचा कामगार हेच आधी सिद्ध व्हावं लागतं.

महाराष्ट्रात यासाठी १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. कामगाराला या कायद्याखाली थेट न्यायालयात जाता येतं, सरकारनं वाद पाठवण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून हा देशातल्या चांगल्या कामगार कायद्यांपैकी एक मानला गेला. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरता म्हणून ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. मग २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. एक सिप्लाच्या कामगारांच्या प्रकरणात, दुसरा कल्याणी स्टीलच्या उपाहारगृहातल्या कामगारांच्या. न्यायालय म्हणालं, मालक-कामगार हे नातंच जिथे वादात आहे तिथे या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. आधी नातं ठरवून या, मग तक्रार घेऊन या. ठेकेदाराच्या माणसासाठी या दाराला तेव्हापासून कडी लागली. मंदीत ज्याला सगळ्यात आधी घरी पाठवतात, त्याच्यासाठीच ते बंद झालं, ही बाब माझ्या मते आपल्या कामगार कायद्यातली सगळ्यात मोठी गफलत आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीचा काळ अनेकांना ठाऊक आहे, तरी कायद्याच्या बाजूनं तो पुन्हा पाहायला हवा.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. चारच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला. उद्योग असो, दुकान असो, व्यापारी आस्थापना असो, प्रत्येक मालकानं टाळेबंदीच्या काळातला पगार ठरलेल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावा. मजूर भाड्यानं राहत असतील तर घरमालकानं महिनाभर भाडं मागू नये. महाराष्ट्र सरकारनंही दोन दिवसांनी तशीच सूचना काढली. ले-ऑफमध्ये निम्मा पगार देणाऱ्या देशात एका रात्रीत पूर्ण पगाराचा हुकूम झाला. हजार कामगारांच्या आतल्या कारखान्यात पगाराची मुदत सात तारीख असायची. म्हणजे या आदेशाची पहिली परीक्षा ७ एप्रिलला होती आणि दुसरी ७ मे रोजी.

७ मेच्या संध्याकाळी जालन्यातून वीस जण पायी निघाले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे. हाताला काम राहिलं नव्हतं. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या होत्या, भुसावळला पोचलो तर गाडी मिळेल असा त्यांचा हिशेब होता. भुसावळ दीडशे किलोमीटरच्या पुढे. प्रवासाच्या परवानगीसाठी आठवडाभर आधी अर्ज केले होते, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. रस्त्यानं गेलं तर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रूळ धरले. बदनापूर मागे पडलं. करमाडजवळ सटाणा शिवारात थकून ते रुळांवरच झोपले, कारण गाड्या बंद आहेत अशी समजूत होती. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमाराला मनमाडच्या दिशेनं जाणारी इंधनाच्या रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र देशभर छापलं गेलं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली.

आठवडाभरानं, १५ मे रोजी, स्थलांतरितांच्या हालांबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. करमाडचा उल्लेख झाला. माणसं रुळांवर झोपली तर त्यांना कोण थांबवणार, असा खंडपीठाचा सूर होता, आणि याचिका ऐकून न घेता निकाली काढण्यात आली. त्या प्रश्नाला उत्तर होतं आणि ते १९७९ सालचं होतं. आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. पाच किंवा जास्त परप्रांतीय कामगार ठेवणाऱ्या आस्थापनेची नोंदणी, ठेकेदाराला परवाना, प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक. शिवाय विस्थापन भत्ता आणि घरून कामावर येण्याचा आणि कामावरून घरी जाण्याचा प्रवास भत्ता. तो भत्ता ठेकेदारानं द्यायचा, आणि त्यानं दिला नाही तर मूळ मालकानं. ओडिशातल्या ‘दादन’ मजुरांच्या पिळवणुकीनंतर आलेला हा कायदा चाळीस वर्षं पुस्तकात होता. कागदावर तो पाळला असता तर जालन्यात कुणाची किती माणसं कुठल्या गावची आहेत याची यादी मार्च २०२० मध्ये कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर असती, आणि घरी जाण्याचं भाडं कुणी द्यायचं हा प्रश्न पडलाच नसता. अर्थात या कायद्यालाही एक भोक होतं. ठेकेदारानं आणलेला कामगारच त्यात बसायचा. गावातल्या चुलतभावाच्या फोनवर आपला आपण गाडीत बसून आलेला बसायचा नाही, आणि आज बहुतेक जण तसेच येतात.

याच दिवसांत मराठवाड्यातच, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, पगाराचे दोन आदेश झाले. दोन्ही न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांचे, आणि दोन्हींमध्ये बाराच दिवसांचं अंतर. मला ते एकत्र वाचण्यासारखे वाटतात.

पहिला ३० एप्रिलचा. अलाइन कंपोनंट्स आणि इतर काही कंपन्या न्यायालयात आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की आम्ही काम द्यायला तयार आहोत, पण सरकारच टाळेबंदीनं ते होऊ देत नाही. मग पूर्ण पगाराचा बोजा आमच्यावर का? निदान निम्मा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त असेल ते देण्याची मुभा द्या. न्यायालयानं केंद्राच्या आदेशात हात घातला नाही, तो विषय सर्वोच्च न्यायालयात होता. ज्यांना कामावर बोलावलंच नाही त्यांना प्रवास आणि जेवणाचे भत्ते वगळून पूर्ण पगार द्या, असं सांगितलं. आणि जिथे निर्बंध उठून कारखाने उघडले आहेत तिथे कामगारानं कामावर यायला हवं. आपल्या मर्जीनं तो आला नाही, तर मालक त्या दिवसांचा पगार कापू शकतो. २० एप्रिलपासून काही उद्योगांना अटींवर मुभा मिळाली होती, त्यामुळे हा शेवटचा भाग पुस्तकापुरता नव्हता. एसटी बंद, रेल्वे बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, अशा वेळी ‘मर्जीनं आला नाही’ कुणाला म्हणायचं हे मात्र प्रत्येक फाटकावर वेगवेगळं ठरलं असणार.

दुसरा आदेश १२ मेचा, करमाडच्या घटनेनंतर चौथ्या दिवशीचा. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या सफाई आणि सुरक्षा कामगारांचा. मंदिर बंद, काम बंद, आणि मार्च-एप्रिलचा पगार तुटपुंजा हातात आलेला. राष्ट्रीय श्रमिक आघाडी ही संघटना त्यांच्या वतीनं न्यायालयात गेली. इथे न्यायमूर्ती म्हणाले की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व लावता येणार नाही, आणि कामगारांच्या हालांकडे न्यायालयाला पाठ फिरवता येणार नाही. जेवण आणि प्रवासाचे भत्ते वगळून त्यांचा पगार मिळेल हे उस्मानाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पाहावं. ठेकेदाराचे कामगार, आणि तरीही पूर्ण पगार! पण तुळजापूरच्या कामगारांपाशी काय होतं ते पाहिलं पाहिजे. त्यांच्यामागे संघटना होती, ते कोणत्या संस्थेत राबतात याबद्दल वाद नव्हता, आणि संस्थेवर जिल्हाधिकाऱ्यांचा हात होता. जालन्याच्या भट्टीवरच्या शहडोलच्या माणसाकडे यातलं एकही नसतं. संघटना बांधायला एका जागी चार वर्षं टिकावं लागतं, स्थानिक माणसाच्या ओळखी लागतात. परप्रांतीय कामगार पसंत केले जातात त्यामागे उष्णता सोसण्याची तयारी हे कारण सांगितलं जातं. संघटनेची शक्यता कमी हे दुसरं कारण कुणी सांगत नाही.

पाच दिवसांनी, १७ मेच्या आदेशानं, केंद्रानं पूर्ण पगाराचा हुकूम मागे घेतला, १८ मेपासून. १२ जूनला फायकस पॅक्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको. टाळेबंदीच्या त्या चोपन्न दिवसांच्या पगाराबाबत दोन्ही बाजूंनी बसून तोडगा काढावा, जमलं नाही तर कामगार अधिकाऱ्यांकडे जावं. बोलणी करायला समोर बसायला हवं, आणि एक बाजू तोवर बिहारमध्ये शेतात भाताची रोपं लावत होती.

मालकांची बाजू इथे सोडून चालणार नाही. जालन्यातल्या मध्यम कारखान्याला विजेचा ठरावीक आकार, बँकेचं व्याज आणि अडकलेली उधारी, हे सगळं बंद भट्टीतही सुरू राहतं. अशा वेळी सरकारनं पगाराचा पूर्ण भार एका आदेशानं त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि स्वतः काय दिलं? शंभरपर्यंत कामगार असलेल्या, आणि त्यातले नव्वद टक्के पंधरा हजारांच्या आत कमावणाऱ्या आस्थापनांचा दोन्ही बाजूंचा भविष्यनिर्वाह निधी काही महिने भरला. एवढंच. जर्मनीत मंदी आली की कारखाना कामाचे तास घटवतो आणि बुडालेल्या हातच्या पगाराचा साठ टक्के हिस्सा, मुलंबाळं असतील तर सदुसष्ट टक्के, सरकारी रोजगार संस्था भरते. एप्रिल २०२० मध्ये तिथे साठ लाखांच्या आसपास कामगार या योजनेवर होते. ब्रिटननं ऐंशी टक्क्यांपर्यंत पगार तिजोरीतून दिला. तिथला मालक माणूस काढत नाही, कारण ठेवणं स्वस्त पडतं. आपल्याकडचं त्याचं सगळ्यात जवळचं रूप म्हणजे कामगार विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नोकरी गेलेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारनं ही रक्कम पन्नास टक्के केली आणि २४ मार्चपासून नोकरी गमावलेल्यांना ती लागू केली. चांगली योजना. पण विमा क्रमांक असलेल्यालाच, म्हणजे पुन्हा कागद.

जालना माणसं आणतो तशी बाहेरही पाठवतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि मग हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ती फेडण्यासाठी तोड. टाळेबंदी लागली तेव्हा लाखावर ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. एप्रिल २०२० च्या मध्यावर राज्य सरकारनं त्यांना गावी जाण्याची मुभा दिली. म्हणजे एकाच महिन्यात जालन्याचे लोक परजिल्ह्यातून घरी यायला धडपडत होते आणि परराज्यातले जालन्यातून घरी जायला. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर कायद्याचा प्रश्न आणखी सोपा करून टाकलेला आहे. तो साखर कारखान्याचा कामगार नाही, मुकादमाचा आहे, असं कारखाना म्हणतो. मुकादम म्हणतो, मी कसला मालक, मीही उचल घेतलेला माणूस. गावातल्या माणसाला कोयता उचलून तीनशे किलोमीटर जायला लागतं आणि गावाजवळच्या भट्टीवर बिहारचा माणूस लागतो, याचं उत्तर फक्त भट्टीच्या आचेत नाही.

आचेचा विषय निघालाच आहे तर, भट्टी नेहमीच धोक्याची. भंगारात बंद डबा किंवा पाणी राहिलेला सिलिंडर आला की वितळलेलं लोखंड उसळतं. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात अशाच स्फोटात बरेच कामगार भाजले. मंदीत खर्च कापताना भंगार निवडणारी माणसं आणि दुरुस्तीची सुट्टी सगळ्यात आधी कापली जाते, म्हणून पगाराचा आणि सुरक्षेचा विषय मला वेगळा काढता येत नाही.

आता नवे कायदे. २९ जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करून झालेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यावर दोन्हीकडून भरपूर आरडाओरडा झाला. जालन्याच्या फाटकावरून पाहिलं तर चित्र मिश्र आहे.

शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला ले-ऑफ, कामगारकपात किंवा बंदीसाठी सरकारची आधी परवानगी लागायची. ती मर्यादा आता तीनशे झाली. गंमत अशी की १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात हा नियम आला तेव्हाही आकडा तीनशेच होता, १९८४ पासून तो शंभर झाला होता. म्हणजे आपण पुढे गेलो म्हणणाऱ्यांनी आणि मागे गेलो म्हणणाऱ्यांनी दोघांनीही हे लक्षात घ्यावं. जालन्यातल्या कितीतरी कारखान्यांचा हजेरीपट आधीपासूनच शंभराच्या आत ठेवलेला असतो, बाकीचे ठेकेदाराकडे. त्यांना या बदलानं फार फरक पडणार नाही. ले-ऑफचा निम्मा पगार, पन्नास कामगारांची अट आणि २४० दिवस तसेच राहिले. कामावरून काढलेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात जायचा, ही नवी भर आहे.

आंतरराज्य कामगारांची तरतूद आता दहा माणसांपासून लागते, पूर्वी पाचपासून लागायची. विस्थापन भत्ता गेला. मात्र आपला आपण आलेला, अठरा हजारांपर्यंत पगार असलेला माणूसही आता स्थलांतरित कामगार धरला जातो आणि गावी जाण्यायेण्याचं वर्षाचं एकरकमी भाडं त्याला मिळायचं आहे. करमाडनंतर हे बुजवलेलं एक खरंखुरं भोक आहे. ठेका कामगारांची तरतूद वीसऐवजी पन्नास माणसांपासून. महाराष्ट्रानं ती आधीच पन्नास केली होती, म्हणजे एकोणपन्नास माणसांचा ठेकेदार आमच्याकडे पूर्वीपासून परवान्याबाहेर आहे. त्यातच ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली, कामगाराच्या संमतीनं आणि जादा तासांना दुप्पट दरानं. ठेकेदाराच्या माणसाची संमती कशी घेतली जाते हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला यावर वेगळं काही सांगायला नको.

आणि तो कागद. व्यवसायसुरक्षेच्या नव्या संहितेनं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायची सक्ती केली आहे. वेतन संहितेनुसार कामावरून काढलेल्याचा किंवा सोडून गेलेल्याचा सगळा पगार दोन कामकाजी दिवसांत चुकता करायचा, आणि राहिलेल्या पगारासाठी दावा करायची मुदत तीन वर्षं. पूर्वी ती बारा महिनेच होती, आणि होळीला गावी गेलेला माणूस पावसाळ्यानंतर परत येईपर्यंत तिच्यातली अर्धी संपलेली असायची. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कारखान्यानं तो द्यायचा, हे जुन्या ठेका कामगार कायद्यातही होतं. तिथे तर ठेकेदार पगार वाटत असताना कारखान्याचा प्रतिनिधी समोर हजर राहून सही करेल असं लिहिलेलं होतं. हे कलम मंदीतल्या कामगाराच्या सगळ्यात कामाचं, आणि सगळ्यात कमी वापरलं गेलेलं. कारण ते वापरायला अमुक महिन्यात मी अमुक फाटकाच्या आत होतो हे दाखवावं लागतं. नोटबंदीनंतर, डिसेंबर २०१६ पासून, पगार बँकेतून देण्याची मुभा कायद्यानं वाढली, त्याचा एक फायदा असा झाला की पासबुकातली नोंद पुरावा म्हणून उभी राहते. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, २०२१ पासूनचं ई-श्रम कार्ड, मोबाइलमधला पगाराचा संदेश, ठेकेदारानं दिलेला फाटकाचा पास. जालन्यातल्या कामगार कार्यालयात किंवा वकिलाकडे माणूस गेला तर पहिले प्रश्न याच वस्तूंबद्दल असतात.

दिवाळी अंक असल्यानं एक बोनसचं सांगायला हवं, कारण मंदीत मालक सगळ्यात आधी तोंड फिरवतो ते बोनसवरून. किमान बोनस ८.३३ टक्के, आणि तो नफा झाला नाही तरी द्यावा लागतो, अगदी नव्या कारखान्याच्या पहिल्या वर्षांचा अपवाद सोडला तर. वर्षात तीस दिवस काम केलेला आणि पगाराच्या मर्यादेत बसणारा माणूस त्याला पात्र आहे. तीस दिवस, २४० नाही. ठेकेदाराचा माणूसही पात्र आहे, त्याचा बोनस ठेकेदारानं द्यायचा असतो. हिशेबाचं वर्ष मार्चला संपलं तर नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत. दिवाळी झाली की बिहारची मंडळी छठपूजेसाठी गाडी पकडतात, त्यांतले काही होळीनंतरच परततात, काही परततच नाहीत. त्यामुळे जालन्यात बोनसचा खरा दिवस लक्ष्मीपूजनाचा नसतो. नांदेडकडून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण ज्या दिवशीचं मिळालं असेल, त्याच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदाराच्या खोलीपुढे जो हिशेब होतो, तोच त्या वर्षाचा शेवटचा हिशेब ठरतो.